पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी : सोसायटी, प्रभाग आणि क्षेत्रीय कार्यालय यांच्याशी कामकाज कसे करावे

नोकरी, शिक्षण किंवा निवृत्तीच्या निमित्ताने पुण्यात राहायला येणाऱ्या कुटुंबाला घर, शाळा आणि वाहनतळ यांची माहिती लवकर मिळते. परंतु रस्त्यावरचा दिवा बंद पडला, ड्रेनेज तुंबले किंवा मतदार यादीत नाव सापडले नाही, तर नेमके कोणाकडे जायचे, हे बहुतेकांना बरीच वर्षे कळत नाही. या सगळ्या कामांत ओळखीपेक्षा दोन गोष्टी अधिक उपयोगी पडतात : काम कोणाच्या अखत्यारीत आहे याची माहिती, आणि ते वर्षाच्या कोणत्या महिन्यात मांडायचे असते याचे भान. पुढील पायऱ्या त्या दृष्टीने लिहिल्या आहेत. त्या पुणे महानगरपालिकेच्या हद्दीपुरत्या आहेत.

पहिली पायरी : आपण कोणाच्या हद्दीत राहतो, हे निश्चित करावे

पत्त्यात ‘पुणे’ असले म्हणजे घर पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत असते, असे नाही. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका वेगळी आहे. पुणे आणि खडकी येथील छावणी परिषदा संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. शहराच्या कडेची अनेक गृहसंकुले अजूनही ग्रामपंचायतीत असून त्यांची बांधकाम परवानगी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, म्हणजे पीएमआरडीएकडून, झालेली असते. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुढे वेगळ्या नगरपरिषदेकडे गेली. त्यामुळे जुने शेजारी किंवा घर दाखवणारा दलाल काय सांगतो, यावर विसंबून न राहता घराच्या मिळकतकराचे बिल पाहावे. कर ज्या संस्थेला भरला जातो, तिच्याच दारात बहुतेक तक्रारी न्याव्या लागतात.

हद्द महापालिकेची असल्याची खात्री झाली, की आपले क्षेत्रीय कार्यालय कोणते, हे शोधावे. शहरात अशी १५ कार्यालये आहेत : उदाहरणार्थ कोथरूड-बावधन, धनकवडी-सहकारनगर, कसबा-विश्रामबागवाडा, हडपसर-मुंढवा, औंध-बाणेर. कार्यालयाचे प्रमुख महापालिका सहायक आयुक्त असतात. सामान्य नागरिकाचे नव्वद टक्के काम येथेच असते आणि शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत जाण्याची वेळ क्वचित येते, असे माझे मत आहे. तरीही नवा माणूस आधी मुख्य इमारतीतच जातो आणि तेथून परत पाठवला जातो.

त्याचबरोबर महापालिकेकडे काय नाही, हेही लक्षात ठेवावे. घरातली वीज गेली, तर तो विषय महावितरणचा; रस्त्यावरचा दिवा गेला, तर तो महापालिकेच्या विद्युत विभागाचा. कात्रज-देहूरोड बाह्यवळण रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, त्यामुळे त्यावरील खड्ड्याची तक्रार क्षेत्रीय कार्यालयात दिली तर ती तेथेच पडून राहते. बस हा पीएमपीएमएलचा विषय असून ही कंपनी पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मिळून आहे. पाणीपुरवठा विभाग महापालिकेचाच असला, तरी त्याची विभागणी जलकेंद्रांनुसार होत असल्याने तिच्या सीमा क्षेत्रीय कार्यालयाच्या सीमांशी जुळतीलच, असे नाही. पाणी कमी दाबाने येत असेल, तर आपल्या भागाला कोणत्या टाकीतून पाणी सुटते, हे आधी विचारून घ्यावे. देखभालीच्या कामासाठी शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवायचा असेल, तर बहुधा गुरुवार निवडला जातो. जुन्या पुणेकरांच्या घरी बुधवारी रात्री पिंप भरलेले दिसते, ते यामुळे.

दुसरी पायरी : आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे विचारावे

पुण्यात दोन्ही प्रकार मोठ्या संख्येने आहेत आणि बोलताना दोन्हींना ‘सोसायटी’च म्हटले जाते. सहकारी गृहरचना संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. अपार्टमेंट हे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालील असते. फरक कागदापुरता नाही. सोसायटीत सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे असते, मग घर एका खोलीचे असो वा चार खोल्यांचे. पाणीपट्टीचा वाटा मात्र घरातील नळांच्या संख्येवर ठरतो. अपार्टमेंटमध्ये खर्चाचा वाटा साधारणपणे सदनिकेच्या अविभक्त हिश्श्यानुसार, म्हणजे जमीन व सामाईक जागेतील तिच्या वाट्यानुसार, पडतो. मासिक शुल्कावरून होणारे अर्धे वाद हा फरक माहीत नसल्याने होतात.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ दिवस आधी सभासदांना मिळाली पाहिजे. नव्या सभासदाने ऑगस्टच्या आरंभीच सचिवांना लेखी पत्र देऊन आपला विषय विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती करावी. असे न करता सभेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात तो मांडला, तर चर्चा होते, चहा येतो आणि ठराव होत नाही. सभा झाल्यावर इतिवृत्ताची प्रत मागावी. आपण बोललो ते त्यात कसे नोंदले गेले आहे, हे पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वीच पाहणे आवश्यक असते. समितीशी मतभेद मिटत नसतील, तर दाद सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे मागता येते. परंतु राहायला येऊन वर्ष होण्याच्या आत तेथपर्यंत जाणाऱ्या माणसाला जिन्यात कोणी नमस्कार करत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

भाडेकरूंना सर्वसाधारण सभेत मत नसते. तथापि त्यांनी घरमालकाकडून भाडेकरार नोंदणीकृत करून घ्यावा. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ही जबाबदारी मालकाचीच आहे, आणि हा एकच कागद पुढे मतदार नोंदणीपासून गॅसजोडणीपर्यंत सर्वत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. भाडेकरूवर ते परस्पर लादले जात असेल, तर ही मर्यादा नम्रपणे दाखवून द्यावी.

तिसरी पायरी : कचरा आणि आरोग्य कोठी

पुण्यातील बऱ्याच भागांत घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद गोळा करतात. ही संस्था कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून उभी राहिली आहे. येणारी ताई महापालिकेची पगारी कर्मचारी नसते. तिचे उत्पन्न घरटी मासिक शुल्कातून आणि सुक्या कचऱ्यातील भंगार विकून येते. त्यामुळे शुल्क वेळेवर द्यावे आणि पुठ्ठा, बाटल्या, कागद हे ओल्या कचऱ्यात मिसळून खराब करू नयेत. सॅनिटरी पॅड व डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करून वेगळे द्यावेत, म्हणजे ते उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही.

रस्ता झाडला जात नसेल, तर क्षेत्रीय कार्यालयात जाण्यापूर्वी जवळची आरोग्य कोठी शोधावी. कोठी म्हणजे सफाई कर्मचाऱ्यांची हजेरी होते ती छोटी खोली. बाहेर ढकलगाड्या आणि खराटे लावलेले असतात, आत हजेरीचा मस्टर असतो आणि सकाळी लवकर गेल्यास मुकादम भेटतात. कोणत्या गल्लीला कोण नेमलेले आहे, कोण रजेवर आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. अनेक कामे येथे पाच मिनिटांच्या बोलण्यात होतात, ती वर गेल्यास आठवडा लागतो. मुकादमांकडून काम झाले नाही, तर त्यांच्यावरचे आरोग्य निरीक्षक, आणि नंतर क्षेत्रीय कार्यालय, हा क्रम पाळावा.

चौथी पायरी : मिळकतकर आणि मतदार यादी

घर विकत घेतले असेल, तर मिळकतकराच्या बिलावर आपले नाव लावून घ्यावे. दस्तनोंदणी झाली म्हणून हे आपोआप झाले असेल, असे गृहीत धरू नये. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराला पुण्यात करात ४० टक्के सवलत मिळते, आणि ती बिलात दिसत नसेल तर पीटी-३ हा अर्ज पुराव्यांसह भरावा लागतो. घर भाड्याने दिलेले असेल, तर ही सवलत मागू नये. इमारतीत सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एखादी योजना चालू स्थितीत असेल, तर सर्वसाधारण करात आणखी ५ टक्के, आणि एकाहून अधिक योजना असतील तर १० टक्के सूट मिळू शकते. मात्र खड्डा खणला आणि वापरलाच नाही, अशा ठिकाणी तपासणीत ती काढून घेतली जाते.

मतदार यादीचे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करावे. यादीत प्रथमच नाव घालायचे असेल तर नमुना ६, आणि दुसऱ्या ठिकाणाहून पत्ता बदलून आणायचे असेल तर नमुना ८ भरावा. महापालिका निवडणुकीसाठी वेगळी नोंदणी होत नाही : राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि तीच प्रभागांनुसार विभागतो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, म्हणजे मतदानाच्या सहा महिने आधीच दार बंद झाले होते. विभागणी करताना सीमेवरच्या इमारती शेजारच्या प्रभागात जाण्याचे प्रकार होतात, म्हणून प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींच्या मुदतीत ती स्वतः पाहावी.

पाचवी पायरी : लोकप्रतिनिधी आणि प्रभाग समिती

पुण्यातील प्रभाग बहुसदस्यीय आहेत. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा असून मतदाराला चार मते द्यायची असतात. याचा व्यवहारातला परिणाम असा, की एका गल्लीला चार नगरसेवक असतात, आणि म्हणून कधीकधी एकही नसतो. चौघांनी आपापसांत भाग वाटून घेतलेले असतात. आपल्या भागाकडे कोण पाहते, हे विचारून त्यांनाच पत्र द्यावे आणि प्रत इतर तिघांना द्यावी. प्रत दिल्याचे पत्राखाली नमूद केलेले असले, की टोलवाटोलवी थोडी कमी होते.

मार्च २०२२ मध्ये मागील सभागृहाची मुदत संपल्यानंतर शहराचा कारभार जवळजवळ चार वर्षे प्रशासकाकडे होता. त्या काळात राहायला आलेल्या अनेकांचा असा समज झाला आहे, की महापालिका म्हणजे फक्त अधिकारी. प्रत्यक्षात ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार या समितीत त्या क्षेत्रातील नगरसेवक, क्षेत्रीय अधिकारी आणि बिगरशासकीय संस्थांचे जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य असतात. समितीने महिन्यातून किमान एकदा क्षेत्रीय कार्यालयात बैठक घ्यावी, पाणी, ड्रेनेज, सफाई यांसारख्या तक्रारींचा निपटारा करावा, आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी द्यावी, अशी व्यवस्था आहे. बैठकीची तारीख कार्यालयात विचारून घ्यावी. काही क्षेत्रीय कार्यालयांत नागरिकांसोबत मोहल्ला कमिटीच्या बैठकाही होतात. त्या नियमित होतात की नाही, हे बरेचसे तेथील अधिकाऱ्यावर अवलंबून असते.

सहावी पायरी : तक्रार लिहावी कशी

सामान्य तक्रारींसाठी महापालिकेचे पीएमसी केअर ॲप आहे. छायाचित्र आणि ठिकाण जोडून तक्रार नोंदवली की टोकन क्रमांक मिळतो. बंद दिवा, न उचललेला राडारोडा, तुटलेले चेंबरचे झाकण यांसाठी हे पुरेसे आहे. ‘काम पूर्ण’ असा संदेश आला आणि काम झालेले नसेल, तर त्याच दिवशी नवे छायाचित्र काढून तक्रार पुन्हा उघडावी.

मोठ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या प्रश्नासाठी मात्र कागदावर अर्जच द्यावा. ‘आमच्या भागातील दिवे कित्येक दिवस बंद असून महापालिकेचे अक्षम्य दुर्लक्ष होत आहे’ असे लिहिलेल्या अर्जावर कनिष्ठ अभियंत्याला काहीही करता येत नाही, आणि तो वाचून त्याला काही करावेसेही वाटत नाही. त्याऐवजी गल्लीचे नाव, जवळची शाळा किंवा देऊळ, खांबांवर रंगवलेले क्रमांक, दिवे कोणत्या तारखेपासून बंद आहेत, आणि आधी घेतलेला टोकन क्रमांक लिहावा. मागणी एका वाक्यात करावी. एका अर्जात एकच विषय असावा, कारण दिवा विद्युत विभागाकडे, फांदी उद्यान विभागाकडे आणि चेंबर ड्रेनेजकडे जाते, आणि तिन्ही एका कागदावर असले तर तो कागद तिघांच्या टेबलांवरून फिरत राहतो. झाडाबाबत विशेष काळजी घ्यावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्याने स्वतःच्या आवारातील झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही.

अर्ज सहायक आयुक्तांच्या नावे दोन प्रतींत न्यावा, आवक-जावक टेबलावर द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. ‘साहेबांना देतो, ठेवून जा’ असे कोणी सांगितले, तरी पोच घेतल्याशिवाय निघू नये. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नसतो. सह्या गोळा करायच्या असतील तर त्या पन्नास वेगवेगळ्या घरांच्या असाव्यात, एकाच घरातील पाच जणांच्या नकोत. आठ-दहा दिवसांनी संबंधित कनिष्ठ अभियंत्याला भेटून जागा पाहायला येण्याची विनंती करावी. अभियंता जागेवर आला, की निम्मे काम मार्गी लागते, आणि निधीच नाही असे असेल तर तेही तेथेच स्पष्ट होते.

सातवी पायरी : अंदाजपत्रकात काम सुचवणे

निधी नाही, या उत्तरावरचा उपाय आधीच्या वर्षी करावा लागतो. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली. साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज मागवले जातात; ते क्षेत्रीय कार्यालयांत आणि ऑनलाइनही मिळतात. पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बसथांबा, बाके, सार्वजनिक स्वच्छतागृह यांसारखी पाच लाखांच्या आतली छोटी कामे यात सुचवता येतात. उड्डाणपूल, नवी जलवाहिनी किंवा सोसायटीच्या आतला रस्ता सुचवणारे अर्ज पहिल्या चाळणीतच बाद होतात.

सूचना देण्यापूर्वी जागा महापालिकेच्या मालकीची आहे का, याची खात्री करावी. नंतर शक्य तर कनिष्ठ अभियंत्याकडून अंदाजे खर्च विचारून तो अर्जात लिहावा. प्रशासन शक्य-अशक्य अशी छाननी करते, मग यादी प्रभाग समितीपुढे जाते आणि कामांचा प्राधान्यक्रम ठरतो. बहुतेक नागरिक अर्ज देऊन घरी जातात. वास्तविक काम टिकते की गळते, हे या दुसऱ्या टप्प्यावर ठरते. म्हणून ज्या महिन्यात यादी समितीपुढे येणार असेल, त्या महिन्यात आपल्या नगरसेवकांना भेटून सूचनेची प्रत द्यावी. पुढे आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, तेथून ते मुख्य सभेकडे जाते, आणि १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होते. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात क्षेत्रीय कार्यालयानुसार कामांची यादी असते. आपले काम तिच्यात आहे की नाही, हे एप्रिलमध्येच पाहावे. असल्यास पावसाळ्यानंतर निविदेबाबत विचारणा सुरू करावी, कारण मार्चअखेर खर्च न झालेली तरतूद सहसा हातची जाते.

आठवी पायरी : गल्लीतील मंडळी

कार्यालयाबाहेरचे जाळेही तितकेच कामाचे आहे. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी द्यावी, पावती घ्यावी आणि एखादे दिवशी आरतीला उभे राहावे. मंडपाची परवानगी, वीजजोड, विसर्जनाचा बंदोबस्त या निमित्ताने मंडळाच्या कार्यकर्त्यांचा पोलीस चौकी आणि क्षेत्रीय कार्यालय या दोन्ही ठिकाणी वावर असतो, आणि रात्री अकराला ड्रेनेज उलटे फिरले तर कोणाला फोन करायचा, हे त्यांनाच ठाऊक असते. वर्गणीचा आकडा मात्र आपण ठरवायचा असतो; जबरदस्ती झाल्यास चौकीत सांगण्यास संकोच करू नये. ज्येष्ठ नागरिक संघातील निवृत्त मंडळींकडे भागाचा इतिहास आणि जुन्या अर्जांच्या फायली असतात. एखादा प्रश्न नव्याने हाती घेण्यापूर्वी त्या फायली चाळल्या, तर आधी कोणते उत्तर मिळाले होते, हे कळते.

नववी पायरी : उत्तरच मिळत नसेल तर

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी नागरिकांच्या तक्रारी समक्ष ऐकण्याचा दिवस, असतो. त्यासाठी आधी खालच्या पातळीवर अर्ज केल्याचा पुरावा लागतो, म्हणजे पुन्हा ती पोच हाती असावी लागते. दाखला, नळजोड, नावात बदल यांसारख्या सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदत ठरवून दिलेली आहे, आणि ती उलटल्यास अपील करता येते.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्ज हा शेवटचा मार्ग मानण्याचे कारण नाही, पण तो पहिलाही नसावा. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो, आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की शुल्क भरले जाते. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये, कारण त्यावर अभिप्राय देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसते. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असे मागावे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्यापुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. त्याला वीस रुपये शुल्क लागते. अनेकदा अर्जाचीही गरज पडत नाही. महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत आहे, आणि राज्य शासनाने २०१८ मध्ये परिपत्रक काढून ती इतर स्थानिक संस्थांनाही लागू केली. आवक क्रमांक घेऊन त्या वेळेत गेल्यास आपला कागद कोणत्या टेबलावर, कोणत्या शेऱ्यासह थांबला आहे, हे फाइल उघडून स्वतः पाहता येते.